बोट पाण्यातून आणायची की ट्रकवर टाकून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘९ मीटर लांबीची, १७० हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाची जुनी मोटरबोट घेतली आहे. चार पंचमांश रक्कम दिली, उरलेली ताबा घेताना द्यायची आहे. तिथून आमच्या धक्क्यापर्यंत नद्या-कालव्यांतून ४२० किमी, वाटेत ४६ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद). ट्रकवाल्याने सांगितलेला दर म्हणजे माझी सहा दिवसांची कमाई. बोट ताशी ३५ किमी जाते, म्हणजे मी आणि मेहुणे चार दिवसांत आरामात पोहोचू. डिझेल आणि किरकोळ खर्चासाठी अडीअडचणीच्या पैशांतून एका महिन्याचा घरखर्च काढतो आहे. मागे चार महिन्यांचा राहील. ट्रकचे पैसे वाचतात ना? खरं सांगायचं तर मला हा प्रवास करायचाच आहे.’

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सोडलं, तर बाकीचा हिशेब मला पटला नाही. शेवटच्या वाक्याकडे नंतर येतो.

आधी चार दिवसांचं बघू. ४२० भागिले ३५ म्हणजे १२ तास, हे गणित कागदावर बरोबर आहे. पण कालव्यात ३५ने कोणी जाऊ देत नाही. लाटांनी काठ ढासळतो, बांधून ठेवलेल्या बोटी एकमेकींवर आपटतात, म्हणून तिथे वेगाला मर्यादा असते आणि ती बहुधा दहाच्या आतबाहेरची. नदीत थोडी मोकळीक मिळेल. सरासरी ताशी ९ किमी धरा, चालण्याचेच ४७ तास होतात. आता लॉक. दरवाजा उघडायची वाट बघायची, आत शिरायचं, दोर लावायचे, पाणी चढेपर्यंत किंवा उतरेपर्यंत दोर हातात धरून उभं राहायचं, मग बाहेर पडायचं. पुढे मालवाहू बार्ज नसेल तर एका लॉकला २० मिनिटं. ४६ लॉकचे झाले १५ तास. एकूण ६२. लॉक रात्री सहसा बंद असतात आणि तुम्ही दोघं नवखे आहात, म्हणून दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त धरवत नाही. आठ दिवस झाले. पावसाने नदी चढली की वाहतूक थांबते, पाणी वाढलं की पुलाखालची उंची कमी होते, एखादा लॉक दुरुस्तीला बंद असतो. त्यासाठी दोन दिवस जास्तीचे. दहा दिवस.

तुमचा स्वतःचा व्यवसाय आहे, म्हणजे भरपगारी रजा नावाचा प्रकार नाही. दहांतले दोन सुट्टीचे वगळले तरी आठ दिवसांची कमाई गेली. ट्रक सहा दिवसांचा होता. मेहुण्यांचे दिवस मी मोजलेच नाहीत. ते मोजायचे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

गंमत अशी की डिझेल मात्र तुम्ही जास्त धरलं आहे. पूर्ण वेगात असं इंजिन तासाला तीसेक लिटर पितं, कारण बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढून पळायचं असतं. हळू चालवलीत तर तासाला चार-पाच लिटरवर भागतं. ३५च्या वेगाने ३६० लिटर लागले असते, ते सगळी वाट संथ गेल्यावर दोनशे-अडीचशेत बसतील. पण वाचलेलं हे डिझेल गमावलेल्या आठ दिवसांपुढे काहीच नाही.

आता ज्या खर्चाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, तो. बोट धक्क्याला बांधून पडलेली असेल, तर टाकीत हवेतला दमटपणा साचून पाणी होतं. पाणी जड, म्हणून तळाशी, वर डिझेल, आणि दोघांच्या सांध्यावर जीवाणू-बुरशीचा काळा बुळबुळीत थर. बोट उभी असते तोवर तो कोणाला त्रास देत नाही. प्रवासात टाकी हिंदकळली की तो उठतो, फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद पडतं, बहुतेक वेळा नको त्या जागी. विक्रेत्यासमोर टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. बरणीत खाली पाण्याची रेघ आणि वर काळं दिसलं, तर टाकी साफ करायचा खर्च त्याचा. हे पैसे देण्याआधी दिसलं तर तो त्याचा प्रश्न असतो, दुसऱ्या दिवशी एखाद्या लॉकच्या तोंडाशी दिसलं तर तुमचा. तसंच समुद्र किंवा नदीचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं छोटं चाक. तळहातात मावणारी वस्तू, पण कोरडी फिरली तर एक-दोन मिनिटांत पाती तुटतात आणि इंजिन तापतं. एक जास्तीचं इम्पेलर आणि तीन-चार फिल्टर सोबत नसतील, तर निघूच नका.

विम्याचं तेवढं लांबवत नाही, पण वाचल्याशिवाय सही करू नका. बहुतेक पॉलिसी ठरावीक हद्दीपुरत्या असतात. घरी आणण्याचा प्रवास आधी कळवून लेखी मान्य करून घ्यावा लागतो, चालवणाऱ्याचा अनुभवही विचारतात. झिजेमुळे झालेला बिघाड सहसा त्यात बसत नाही. आणि बंद पडलात तर कोणाचाही दोर घेण्याआधी ओढून नेण्याचा दर ठरवा, नाहीतर संकटातून सोडवल्याचा मोबदला म्हणून बोटीच्या किमतीतला हिस्सा मागितला जाऊ शकतो.

ट्रकच्या दरालाही चार प्रश्न विचारा. दोन्हीकडच्या क्रेनचं भाडं त्यात आहे का? बहुतेक देशांत रस्त्यावर अडीच मीटरच्या आसपास रुंदीपलीकडे वेगळी परवानगी लागते आणि ९ मीटरच्या बोटीची रुंदी साधारण तीन मीटर असते. ती परवानगी कोण काढणार? वरचा भाग पुलाखालून जायला सोडवावा लागला तर? वाटेतला विमा कोणाचा? हे सगळं धरून सहाचे साडेसात दिवस झाले, तरी आठापेक्षा कमीच. पगारी तांडेल नेमायचा पर्याय तुमच्या बाबतीत मला जमत नाही. रोजचा मेहनताना, जेवणखाण, परतीचं भाडं द्या, शिवाय इंजिन बिघडलं तर खर्च मालकाचाच.

म्हणजे निव्वळ पैशांत विचाराल तर ट्रक. पण तुम्ही निव्वळ पैशांत विचारलेलं नाही. ‘मला हा प्रवास करायचाच आहे’ हे तुम्ही शेवटी, जरा लाजत लिहिलं आहे, आणि मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. फक्त त्याला बचत म्हणू नका. ती सुट्टी आहे, तेव्हा तिचे पैसे सुट्टीच्या खात्यातून यायला हवेत. यंदा कुटुंबाबरोबर कुठे जाणार होतात? ते रद्द करून हे करायचं असेल तर आधी घरात बोला. रद्द करायचं नसेल तर बोट ट्रकवर टाका आणि प्रवासाची हौस पुढच्या वर्षी, ओळखीच्या इंजिनावर भागवा. तिसरी वाट आहे: दोन टप्पे करायचे, मध्यावर एखाद्या धक्क्यावर जागेचं भाडं देऊन बोट ठेवायची आणि महिन्याभराने उरलेली वाट. दिवस तितकेच जातील, पण सलग जाणार नाहीत आणि गिऱ्हाइकं तुटणार नाहीत. माझं मन या वाटेकडे झुकतं.

अडीअडचणीच्या पैशांना मात्र कुठल्याच वाटेने हात लावायचा नाही. जुन्या बोटीला वर्षाला किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास देखभाल लागते, असा ढोबळ ठोकताळा आहे, आणि पहिल्या वर्षी तो सहसा ओलांडला जातो. या वर्षी पाच महिन्यांचे चार करणं मला मान्य नाही. बोटीचं खातं वेगळं काढा. त्यात पैसे नसतील तर ती धक्क्यावरच राहू दे.

उरलेला एक पंचमांश ही तुमच्या हातातली एकमेव चावी आहे. तो देण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्या की बोटीवर कर्ज, धक्क्याचं थकलेलं भाडं किंवा कारागिराचं बिल बाकी नाही. अशी देणी पुष्कळदा बोटीबरोबर नव्या मालकाकडे येतात. बोटींची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला बोट पाण्याबाहेर काढून तळ बघू द्या. मग तिला पाण्यात सोडून सलग दोन तास चालवा, त्यातला अर्धा तास जोरात. परत आल्यावर इंजिनाखालच्या खोलगट जागेत हात घालून बघा, पाणी आहे की तेल. मेहुण्यांना त्या दिवशी नक्की बोलवा. मालकाच्या डोळ्यांवर नव्या बोटीची भुरळ असते, त्यांच्या नसेल.