नुसत्या ओळखीनं काय होतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आपण अमेरिकेतल्या आणि आशियातल्या पुढारी, अधिकारी, पत्रकार मंडळींची एकमेकांकडे ये-जा घडवून आणणाऱ्या ना-नफा संस्थांवर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, काही कौतुकाचे आणि काही चांगलेच खडसावणारे. खडसावणारे आधी घेतोय, कारण ते प्रश्न खरंच महत्त्वाचे आहेत.

प्रश्न : तुम्हीच लिहिलंत की १९२० च्या दशकापासून जपान आणि अमेरिकेतले लोक परिषदांना एकत्र येत होते. तरी १९४१ ला जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केलाच. मग या ओळखी काय कामाच्या? (निवृत्त शिक्षक, इचलकरंजी)

सर, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस मी त्यावरच विचार करत होतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे. इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स नावाची संस्था १९२५ मध्ये हवाईतल्या होनोलुलूत सुरू झाली, सरकारी नाही, प्राध्यापक, पत्रकार, व्यापारी, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची माणसं असा सगळा मेळ होता. १९२९ ला त्यांची परिषद जपानमधल्या क्योटोला भरली. अध्यक्ष होते जपानी विचारवंत इनाझो नितोबे, म्हणजे ज्यांनी तरुणपणीच ठरवलं होतं की आपण पॅसिफिक महासागरावरचा पूल व्हायचं. तिथे मांचुरियावरून, म्हणजे चीनच्या ईशान्य भागावरून, चिनी आणि जपानी मंडळींचे जोरदार वाद झाले, आणि दोनच वर्षांत जपानी सैन्य मांचुरियात घुसलं सुद्धा. नितोबे १९३३ ला त्याच संस्थेच्या कॅनडातल्या परिषदेला गेले आणि तिकडेच आजारी पडून वारले. पुढे त्यांचा चेहरा जपानच्या ५००० येनच्या नोटेवर आला, पण त्यांच्या हयातीत पूल काही उभा राहिला नाही. म्हणजे युद्ध थांबवणं हाच हिशोब धरला तर हे सगळं फसलं असंच म्हणावं लागेल, आणि ते मला मान्य आहे.

पण त्याच क्योटोच्या परिषदेत दोन तरुण पोरं होती. एक जपानी, शिगेहारू मात्सुमोतो, वय तिशीचं. दुसरा अमेरिकेतल्या धनाढ्य घराण्यातला जॉन डी. रॉकफेलर तिसरा, तेविशीतला, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. त्यांची ओळख झाली आणि मग मधे सगळं आलं, मांचुरिया, चीनमधलं युद्ध, पर्ल हार्बर, टोकियोची राखरांगोळी, हिरोशिमा, नागासाकी. १९५१ च्या जानेवारीत अमेरिकेचे दूत जॉन फॉस्टर डलेस जपानशी शांतता कराराची बोलणी करायला टोकियोला आले तेव्हा सांस्कृतिक बाबींचा सल्लागार म्हणून रॉकफेलर त्यांच्यासोबत होते, आणि बावीस वर्षांपूर्वीची ओळख तिथे कामी आली. मात्सुमोतो आणि रॉकफेलर या दोघांनी मिळून इंटरनॅशनल हाउस ऑफ जपानची, म्हणजे जपानी आणि परदेशी लोकांनी एकत्र यायच्या जागेची, कल्पना पुढे नेली, १९५२ मध्ये संस्था झाली, १९५५ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागात इमारत उभी राहिली. रॉकफेलर फाउंडेशननं पैसे दिले पण जपानी लोकांनीही स्वतःचा वाटा गोळा करायचा अशी अट घातली, आणि नुकत्याच बेचिराख झालेल्या देशात लोकांनी तो गोळा केला. मला ही अट फार मोलाची वाटते. फुकट मिळालेल्या जागेत माणूस पाहुण्यासारखा वागतो, स्वतःचा पैसा घातला की घरच्यासारखा. १९५६ मध्ये रॉकफेलर यांनी न्यूयॉर्कला एशिया सोसायटी काढली, तिचं एक केंद्र २००६ पासून आपल्या मुंबईतही आहे.

तेव्हा सर, मला वाटतं अशा ओळखी आग लागू नये म्हणून कमी आणि आग विझल्यावर घर कुणी बांधायचं यासाठी जास्त उपयोगी पडतात. हे समाधान अपुरं आहे हे कळतंय मला. पण १९५१ ला ती ओळख नसती तर डलेस यांच्या सोबतच्या माणसाला टोकियोत विश्वासाचं असं कोण भेटलं असतं, याचाही विचार व्हायला हवा.

प्रश्न : दोन देशांमधलं काम असेल तर सरकार आहे, वकिलात आहे. मधे संस्था कशाला? (विद्यार्थिनी, पुणे)

कारण कधी कधी वकिलातच नसते! अमेरिका आणि चीनचं उदाहरण घे. १९७१ ला जपानमधल्या नागोया शहरात टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा होती, ग्लेन कोवन नावाच्या १९ वर्षांच्या अमेरिकन खेळाडूची बस चुकली आणि तो चिनी टीमच्या बसमध्ये चढला. सगळे गप्प, अमेरिकन माणसाशी बोलणं म्हणजे तेव्हा चिनी खेळाडूच्या अंगाशी येऊ शकणारी गोष्ट. शेवटी तीन वेळा जगज्जेता झालेला झुआंग झेडोंग मागच्या सीटवरून उठून पुढे आला आणि त्यानं हुआंगशान डोंगराचं चित्र असलेलं रेशमी कापड भेट दिलं. काही दिवसांत अमेरिकन टीमला चीनचं आमंत्रण आलं, एप्रिल १९७१ मध्ये ते बीजिंगला गेले, चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्यांना स्वतः भेटले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

पुढची फारशी कुणी सांगत नाही. चिनी टीमनं परतभेट द्यायची म्हटल्यावर तिला अमेरिकेत बोलावणार कोण? अमेरिकी सरकारनं चीनच्या कम्युनिस्ट सरकारला मान्यताच दिलेली नव्हती, ती मिळाली थेट १ जानेवारी १९७९ ला. तिथे पुढे आली नॅशनल कमिटी ऑन युनायटेड स्टेट्स-चायना रिलेशन्स, १९६६ मध्ये अभ्यासक मंडळींनी काढलेली ना-नफा संस्था. अमेरिकेच्या टेबल टेनिस संघटनेबरोबर तिनं यजमानपण घेतलं. पैसे उभे केले, दुभाषे जमवले, कुठल्या गावात कुठे उतरायचं, काय जेवायचं, विरोधात घोषणा देणारे आले तर काय करायचं, सगळं बघितलं. एप्रिल १९७२ मध्ये डेट्रॉइटपासून दौरा सुरू झाला आणि त्याच दिवसांत अमेरिकेची विमानं उत्तर व्हिएतनाममध्ये हायफाँगवर बॉम्ब टाकत होती, उत्तर व्हिएतनाम म्हणजे चीनचा मित्र. दौरा तिथेच मोडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं, पण तो मोडला नाही, टीम व्हाइट हाउसच्या बागेत जाऊन राष्ट्राध्यक्ष निक्सनना भेटली.

सरकारनं एक पाऊल टाकलं की त्याला धोरण म्हणतात आणि मागे घेतलं की नामुष्की. संस्थेचं तसं नसतं, फसलं तर एका संस्थेचा दौरा फसला, जमलं तर दोन्ही सरकारं पुढे सरकायला मोकळी. आपल्याकडे लग्न जुळवताना दोन घरं थेट बोलत नाहीत, मधे कुणीतरी मामा-आत्या असतात, का ते तुझ्या आईला विचार.

प्रश्न : या संस्थांना पैसा कोण देतं? मला तर हे सगळे सीआयएचे उद्योग वाटतात. (वाचक, नागपूर)

तुमचा संशय हवेतला नाही. द एशिया फाउंडेशन ही सॅन फ्रान्सिस्कोची मोठी संस्था, १९५४ मध्ये या नावानं सुरू झाली, त्याआधी १९५१ पासून कमिटी फॉर अ फ्री एशिया असं नाव होतं. तिला आतून सीआयएचा पैसा येत होता आणि हे १९६७ मध्ये उघड झालं. ज्या आशियाई लेखकांनी, शिक्षकांनी, संपादकांनी सरळ मनानं त्यांची मदत घेतली होती त्यांच्याकडे रातोरात लोक संशयानं बघायला लागले, आणि त्यांना तर काही माहीतच नव्हतं. मला यात सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. खोटं बोललं गेलं, आणि चांगल्या कामासाठी बोललं गेलं म्हणून ते खरं होत नाही. नंतर ती संस्था उघड सरकारी अनुदान आणि देणग्यांवर चालू राहिली.

पण याची दुसरी बाजूही ऐका. वर सांगितलेली क्योटोची परिषद भरवणारी संस्था, तिच्यावर अमेरिकेतच उलटा आरोप झाला, की हे कम्युनिस्टांचे हस्तक आहेत, यांच्यामुळे चीन अमेरिकेच्या हातून निसटून कम्युनिस्टांकडे गेला. १९५१-५२ मध्ये सिनेटच्या समितीनं चौकशी केली, करसवलत काढली गेली, देणग्या आटल्या आणि १९६० च्या सुमाराला संस्था बंद पडली. म्हणजे समोरच्याला नीट समजून घेणारा माणूस घरच्यांना फितूर वाटतो आणि बाहेरच्यांना हेर. म्हणून कुठल्याही संस्थेकडे जाताना आधी तिचा वार्षिक हिशोब मागा, देणगीदारांची यादी वाचा. जी उघडपणे सांगते की इतके सरकारचे, इतके कंपन्यांचे, इतके फाउंडेशनचे, तिच्याशी निदान डोळे उघडे ठेवून वागता येतं.

प्रश्न : आपणच का अमेरिकेला जायचं? तिकडचे लोक आशिया शिकायला येतात का? (डॉक्टर, सांगली)

येतात डॉक्टर, आणि माझ्या मते सगळ्यात चांगले कार्यक्रम तेच आहेत. हेन्री ल्यूस फाउंडेशन या अमेरिकी संस्थेचा ल्यूस स्कॉलर्स कार्यक्रम १९७४ पासून चालू आहे, त्यात तरुण अमेरिकन लोकांना वर्षभर आशियात काम करायला पाठवतात, आणि गंमत म्हणजे आशियाचा फारसा अनुभव नसलेलेच निवडायचे ही त्यामागची मूळ कल्पना. आधीच प्रेमात असलेल्याला पाठवून काय मिळणार, नवख्याला पाठवा, पुढे तो वकील, डॉक्टर, आमदार काहीही झाला तरी ते वर्ष त्याच्यासोबत राहील.

दुसरा माइक मॅन्सफिल्ड फेलोशिपचा. मॅन्सफिल्ड १९७७ ते १९८८ टोकियोत अमेरिकेचे राजदूत होते, त्यांच्या नावानं अमेरिकी काँग्रेसनं १९९४ मध्ये हा कार्यक्रम केला आणि तो चालवला त्यांच्या नावाच्या ना-नफा संस्थेनं. अमेरिकी सरकारी नोकर जपानला जायचे, सुरुवातीला इशिकावा भागात जपानी कुटुंबात राहून भाषा पक्की करायचे आणि मग टोकियोतल्या मंत्रालयांत जपानी सहकाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काम करायचे. साहेब म्हणून नाही, सहकारी म्हणून! चार दिवसांची परिषद आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि डॉक्टर, तुमच्या सांगलीत जुन्या लोकांना रोटरीचं जीएसई आठवत असेल, ग्रुप स्टडी एक्स्चेंज. १९६५ ते २०१३ चाललं. एक रोटेरियन टीम लीडर आणि रोटरीत नसलेले चार-पाच तरुण नोकरदार-व्यावसायिक, चार ते सहा आठवडे, मुक्काम लोकांच्या घरी. आमच्याकडे लहानपणी एक अमेरिकन शाळाप्रमुख आठवडाभर राहिले होते. त्यांना किल्ले-बिल्ले नको होते, झेडपीच्या शाळेत जाऊन बसायचं होतं. तिथल्या बाईंनी एका वर्गात तीन इयत्ता कशा सांभाळल्या ते ते वहीत लिहून घेत होते, आणि संध्याकाळी आईला म्हणाले की आमच्या शिक्षकांना हे जमणार नाही. बाईंपर्यंत ते पोचलं तेव्हा त्या रडल्या होत्या, कारण त्यांना असं याआधी कुणी म्हटलंच नव्हतं.

प्रश्न : मी सरपंच आहे, वय ३४. अशा कार्यक्रमाला जायचं तर काय करावं? एका लीडरशिप समिटचं पत्र आलंय, नव्वद हजार भरायला सांगतात. (बीड जिल्हा)

ताई, आधी ते नव्वद हजार खिशातच ठेवा. माझ्या एका जवळच्या माणसानं अशाच एका समिटला कर्ज काढून पैसे भरले, मिळालं काय तर हॉटेलातल्या हॉलमध्ये दोन दिवसांची भाषणं आणि गळ्यात एक मेडल, ज्या देशाला गेला तिथल्या एकाही पंचायतीत किंवा शाळेत पाय पडला नाही. खऱ्या कार्यक्रमांत आधी कडक निवड होते आणि मग खर्च तेच करतात, निवडीच्या नावाखाली पैसे मागत नाहीत.

तुमच्यासाठी दोन-तीन वाटा आहेत. इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम हा इतर देशांतल्या पुढाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावणारा अमेरिकी सरकारचा कार्यक्रम, १९४० पासूनचा, पण गावोगावचं यजमानपण तिकडच्या ना-नफा संस्था आणि स्वयंसेवक करतात. याला अर्ज नसतो, अमेरिकी वकिलातच माणसं निवडते. म्हणून तुमचं काम त्यांना दिसेल असं करा, मुंबईच्या कॉन्सुलेटचे लोक जिल्ह्यात कार्यक्रमाला आले तर जा, बोला, पाण्याचं, बचत गटाचं जे काम केलंय ते आकड्यांसकट दोन पानांत लिहून ठेवा. दुसरी वाट आयझेनहॉवर फेलोशिप्स, फिलाडेल्फियाची १९५३ पासूनची संस्था, मधल्या वयाच्या काम करणाऱ्या लोकांसाठी. शिक्षण, संशोधन किंवा अध्यापनाच्या बाजूला असाल तर फुलब्राइट-नेहरू हा शिष्यवृत्तीचा कार्यक्रम, त्याचं ऑफिस मुंबईतही आहे, आणि त्याचा खर्च आता भारत आणि अमेरिका दोघं उचलतात.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आजपासून रोज अर्धा तास आपल्या गावाबद्दल मोठ्यानं बोलायचा सराव करा, व्याकरण चुकलं तरी चालेल. आणि ते दोन पानांचं टिपण तयार झालं की आमच्या पत्त्यावर पाठवा, मी स्वतः वाचून कुठे काय सुधारायचं ते कळवेन.