म्यूट काढण्याची वेळ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भयपटासाठी तू केलेले चार मिनिटांचे पार्श्वसंगीत मी काल रात्री तीन वेळा ऐकले. दोनदा चित्रासह आणि एकदा डोळे मिटून. ती मुलगी वाड्याच्या जिन्यावर पहिले पाऊल ठेवते तिथपासून माळ्याचे दार उघडेपर्यंत वर व्हायोलिनची थरथर, मध्ये समूहगायन आणि खाली नगाऱ्यांचा गडगडाट असे सगळे अखंड चालू आहे. तुझा कान तयार आहे, स्वरांची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. मात्र दार उघडते त्या क्षणी देण्यासाठी तुझ्याजवळ काहीच शिल्लक राहिलेले नाही, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’चे (1960) संगीत तू अनेकदा ऐकले असशील. आता बर्नार्ड हर्मन यांनी ते कागदावर कसे मांडले, ते पाहा. संगीतासाठी पैसे कमी होते, म्हणून हर्मन यांनी पितळी वाद्ये, लाकडी फुंकवाद्ये आणि तालवाद्ये सगळीच बाजूला ठेवली आणि संपूर्ण चित्रपट केवळ तंतुवाद्यांवर, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास यांच्यावर उभा केला. चित्र कृष्णधवल आहे, तर ध्वनीही कृष्णधवल असावा, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग वगळता बाकीच्या संगीतासाठी त्यांनी तारांवर म्यूट लावायला सांगितले आहे.

म्यूट म्हणजे रबराचा किंवा लाकडाचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवर, बसवला की तारांचे कंपन वाद्याच्या लाकडी अंगापर्यंत पुरते पोहोचत नाही, स्वराची धार बोथट होते आणि शेजारच्या बंद खोलीत कोणीतरी वाजवत असावे, तसा आवाज येऊ लागतो. आता विचार कर. ‘सायको’ची नायिका पैसे घेऊन पळते, पावसात गाडी हाकते, मोटेलात उतरते, आणि इतका वेळ प्रेक्षकांच्या कानाला वाद्याचा उघडा आवाज मिळालेलाच नसतो. हे त्यांना कळत नाही, पण त्यांचा कान त्या झाकलेल्या आवाजाला सरावतो. मग पडदा ओढला जाईपर्यंत केवळ पाण्याचा आवाज, आणि पडदा सरकताच म्यूट उतरवलेली व्हायोलिने. वाद्ये तीच, वादकही तेच. घोडीवरचा एक तुकडा तेवढा निघालेला असतो.

त्या किंकाळ्यांची बांधणी तुला आपल्या भाषेत सांगतो. वरच्या टोकाला ई-फ्लॅट आणि त्याखाली शुद्ध ई, म्हणजे खालच्या ई ला षड्ज मानलेस तर वरचा स्वर शुद्ध निषाद होतो, आणि त्या निषादाला षड्जावर जाऊन विसावण्याची मुभा कधीच मिळत नाही. एकेक वाद्यगट वरून खाली आत शिरत जातो, प्रत्येक ठोक्याला गज तारेवर नव्याने आदळतो आणि पुढे तर स्वरावर खालून घसरत येण्याची सूचना आहे. त्यानंतर सगळा भार चेलो आणि डबल बास यांच्या जड, खोल स्वरांवर येतो, तोही ओसरतो, आणि शेवटी पुन्हा पाणी उरते. मोटेलातल्या प्रसंगांना संगीत नको, असे हिचकॉक यांचे आधी मत होते. हर्मन यांनी तरीही ते लिहिले, दोन्ही प्रकारे प्रसंग दाखवला, आणि हिचकॉक यांनी आपले मत बदलले. दिग्दर्शकाशी वाद घालण्यापेक्षा लिहून दाखवणे बरे, हे यातून तू जरूर घे. पण तसे दाखवण्याजोगे काही हाताशी असावे, यासाठी आधी राखून ठेवावे लागते.

माझ्याही हातून हे चुकलेले आहे. फार वर्षांपूर्वी एका भुताच्या मालिकेसाठी मी व्हायोलिनच्या पार्टमध्ये दोन मिनिटांहून अधिक लांब ट्रेमोलो, म्हणजे गज भराभर पुढेमागे करून स्वर थरथरवणे, लिहिला होता, तोही आरंभापासून पूर्ण जोरात. पहिल्या टेकला तो चांगला वाटला. चौथ्या टेकपर्यंत वादकांची मनगटे भरून आली, गज तारेवर नुसता घासू लागला आणि जिथे मला दहशत हवी होती तिथे माशी घोंघावावी तसा आवाज येऊ लागला. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ वादकाने व्हायोलिन मांडीवर ठेवले आणि शांतपणे विचारले, “यातला नक्की कुठला ठोका तुम्हाला हवा आहे?” मला उत्तर देता आले नाही. संगणकातल्या सॅम्पलला, म्हणजे साठवलेल्या तयार स्वराला, मनगट नसते, त्यामुळे तुला हा प्रश्न कोणी विचारणार नाही. तो तूच स्वतःला विचारायला हवा.

तुझ्या टिपणात तू लिहिले आहेस, की भीतीसाठी जवळजवळचे दोन स्वर एकत्र वापरले. इथे जरा थांब. ‘जॉज’साठी (1975) जॉन विल्यम्स यांनी घेतलेले ते प्रसिद्ध दोन स्वर, ई आणि एफ, म्हणजे आपले षड्ज आणि कोमल ऋषभच होत. भैरवात हाच कोमल ऋषभ षड्जाशेजारी आंदोलित होतो, आणि पहाटे तो ऐकून कोणी दचकत नाही. उलट मन निवते. म्हणजे भय त्या अंतरात नाही. खालच्या सप्तकातल्या चेलो-बासांचा खरखरीतपणा, दोन स्वरांमधली स्तब्धता आणि ती स्तब्धता हळूहळू आखडत जाणे, यांतून ते तयार होते. शिवाय विल्यम्स यांनी प्रेक्षकांशी एक करारच केला आहे: हे स्वर वाजले म्हणजे शार्क जवळ आहे. दोन पोरे पुठ्ठ्याचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा ते स्वर वाजत नाहीत, आणि करार आणखी पक्का होतो. पुढे एकदा शार्क काहीही न वाजता बोटीमागून वर येते, तेव्हा तो मोडतो. तुझ्या चार मिनिटांत असा करार कुठेच झालेला नाही, म्हणून मोडायलाही काही नाही.

आता तू वापरलेल्या त्या तयार ‘क्लस्टर’बद्दल, म्हणजे लगतच्या अनेक स्वरांच्या एकत्र पुंजक्याबद्दल. तो आवाज आज एका कळीवर मिळतो, परंतु त्याच्या मुळाशी क्रिस्तॉफ पेंडरेत्स्की हे पोलिश संगीतकार आहेत. हिरोशिमाच्या बळींना अर्पण केलेल्या त्यांच्या ‘थ्रेनोडी’त 52 तंतुवाद्ये आहेत, वादकांनी शक्य तितका उंच स्वर काढावा, घोडीच्या पलीकडच्या तारांवर गज चालवावा, वाद्याच्या अंगावर बोटांनी ठोकावे, अशा सूचना तिथे चिन्हांनी दिल्या आहेत आणि वेळ सेकंदांत मोजली आहे. त्यांची 48 तंतुवाद्यांसाठीची ‘पॉलिमॉर्फिया’ ही रचना ‘द एक्झॉर्सिस्ट’ (1973) आणि ‘द शायनिंग’ (1980) या दोन्ही चित्रपटांत घेतली गेली. ती चित्रपटासाठी लिहिलेली नव्हती, आणि तिचा शेवट साध्या, स्वच्छ सी मेजर कॉर्डवर, म्हणजे आपल्या सा-ग-प या स्वरांच्या एकत्र नादावर, होतो. ती पूर्ण ऐक. इतका वेळ सरपटणाऱ्या, फुटणाऱ्या आवाजांनंतर तो एक सुरेल कॉर्ड येतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो का येतो हे मला अजून नीट शब्दांत मांडता आलेले नाही.

समूहगायनाचे थोडक्यात सांगतो: ते काढून टाक. ‘द ओमेन’साठी (1976) जेरी गोल्डस्मिथ यांनी लॅटिन शब्दांचे समूहगान वापरले आणि त्यांना ऑस्कर मिळाले, परंतु तिथे कथेचा गाभाच ख्रिस्ती उपासना उलटी करण्याचा आहे. तुझी गोष्ट कोकणातल्या वाड्यातली आहे. त्या जिन्यावर लॅटिन गाणारे कोण आहे?

आता काम. ओळखीतल्या एखाद्या व्हायोलिनवादकाकडे जा, त्याच्याशेजारी एका हाताच्या अंतरावर बस आणि एकच स्वर त्याला चार प्रकारे वाजवायला सांग: म्यूट लावून, म्यूट काढून, गज घोडीला अगदी चिकटवून आणि गज बोटांच्या बाजूला सरकवून. प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐक. म्यूट काढतानाचा तो बारीकसा टक् आवाजही ऐकून ठेव. मग जिन्याचा प्रसंग पुन्हा लिही. ती मुलगी नऊ पायऱ्या चढते, हे मी मोजले आहे. पहिल्या सहा पायऱ्यांना तिच्या पावलांचा आवाज पुरे, आणि सातव्या पायरीला काय वाजवायचे ते तू ठरव. या वेळी ध्वनीची फाइल पाठवू नकोस. व्हायोलिनच्या पार्टची पाने पाठव, आणि गज कुठे उलटतो व म्यूट कुठे उतरतो, ते त्यांवर पेन्सिलीने लिहिलेले असू दे.

कळावे, लोभ असावा.