लेव्हल १७ झाली, आता ड्रॅगन टिकत नाही!

प्रश्न: म्हापशात दर रविवारी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, गोष्ट आणि राक्षस मी चालवतो, खेळाडूंची पात्रं १७व्या लेव्हलला गेलीत आणि माझा ड्रॅगन दोन राउंडात आडवा होतोय हो, काय करू?

उत्तर: अरे, एकटा ठेवलास तर मार खाणारच! पाच जण मारणार आणि तो एकदाच. लेजंडरी ॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीनंतर ड्रॅगनला मिळणारी जादा चाल) वापरतोस ना? खेळाडूची पाळी संपली रे संपली की शेपटी हाण, शिवाय चार-दोन चेले दे. आणि विझार्डला (जादूगार पात्राला) १३व्या लेव्हलला टेलिपोर्ट (क्षणात दूर पोचवणारा मंत्र), १७ला विश (जवळपास काहीही मागता येणारा मंत्र) मिळतं, म्हणजे जंगलातून तीन दिवसांचा प्रवास वगैरे विसरच. पण जादू बंद करू नकोस, पोरं रुसतात (आणि बरोबरच आहे त्यांचं). त्यापेक्षा एकाच वेळी दोन शहरं पेटव, कुठलं वाचवायचं यावर मिरची भजी संपेपर्यंत भांडू देत.