पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, तरी कोळंबी जगते कशी? आणि तलावातली का मरते?

आपला प्रश्न असा आहे की खाडीचे पाणी मे महिन्यात समुद्राइतके खारट आणि जुलैमध्ये जवळजवळ गोडे होते, तरी कोळंबी त्यात तग धरते. मग तलावात सोडलेली कोळंबी एका मोठ्या पावसात का दगावते? रायगड जिल्ह्यात खाडीकाठी मी व्हेनामी कोळंबीचे तलाव सांभाळतो, त्यामुळे या दोन्ही गोष्टींशी माझी दरवर्षी गाठ पडते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आमच्या भाषेत ३५ पीपीटी. व्हेनामी काय किंवा टायगर काय, या कोळंबीच्या रक्ताची तीव्रता साधारण २५ पीपीटीच्या पाण्याइतकी असते. बाहेरचे पाणी याहून गोडे झाले की ते शरीरात शिरू लागते आणि रक्तातले क्षार बाहेर निसटू लागतात. ते याहून खारट झाले की नेमके उलटे घडते. त्यामुळे कोळंबी भर समुद्रात असली तरी ती निवांत नसते, तिथेही तिला जास्तीचे क्षार बाहेर टाकावेच लागतात. खोल समुद्रातच आयुष्य काढणारे कित्येक खेकडे हा खटाटोप करत नाहीत. त्यांचे रक्त बाहेरच्या पाण्यासारखेच राहते आणि म्हणूनच ते खाडीत टिकत नाहीत.

हे काम मुख्यतः कल्ल्यांचे आहे. कोळंबी सोलताना डोक्याचे कवच उचलले की दोन्ही बाजूंना पिसांसारखे मऊ झुपके दिसतात, तेच कल्ले. त्यांच्या पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारे सूक्ष्म पंप असतात आणि पाणी गोडे होऊ लागले की ते विरळ पाण्यातूनही क्षार ओढून रक्तात घेतात. शरीरात शिरलेले जादा पाणी मिशांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून मूत्ररूपाने बाहेर जाते, पण कोळंबीचे मूत्र जवळजवळ रक्ताइतकेच खारट असल्याने पाण्याबरोबर क्षारही जातात आणि ती तूट पुन्हा कल्ल्यांनाच भरून काढावी लागते. रक्त थोडे विरळ झालेच, तर पेशी फुगून फुटू नयेत म्हणून त्यांच्यातील ग्लायसिन, प्रोलिन यांसारखी मोकळी अमिनो आम्ले कमी केली जातात. ग्लायसिन चवीला गोड असते. खारट पाण्यातली कोळंबी गोडसर आणि कमी खाऱ्या पाण्यातली पाणचट लागते, त्याचे कारण हेच.

या पंपांना ऊर्जा लागते आणि वेळही लागतो. असलेले पंप काही तासांत जोर धरतात, पण नवे तयार व्हायला काही दिवस जातात. खाडीतल्या कोळंबीला तेवढा अवधी नसला तरी एक सोय असते, ती म्हणजे ओहोटीबरोबर समुद्राकडे सरकण्याची. तलावातली कोळंबी जाणार कुठे?

तरीही पहिल्या पावसातली मर केवळ क्षारता उतरल्याने होते असे मला वाटत नाही, कारण हळूहळू सवय झालेली व्हेनामी २–३ पीपीटीच्या पाण्यातही वाढते. पावसाचे पाणी हलके असल्याने वरच तरंगते आणि खालचे खारे पाणी झाकणाखाली कोंडल्यासारखे होऊन त्यातला प्राणवायू संपत जातो. कोळंबी मात्र तळाशीच असते. एका जूनमध्ये रात्रभर वीज गेली, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर बंद राहिले आणि जनरेटर वेळेवर सुरू करण्यात माझ्याकडून हयगय झाली. सकाळी क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने पाहिले तर वर ६ आणि तळाशी १७ पीपीटी! मेलेल्या कोळंबीत मऊ कवचाची सर्वाधिक होती. कात टाकल्यावर कोळंबी वाढण्यासाठी मुद्दाम पाणी शोषून फुगते आणि नवे कवच अजून गळके असते, त्यामुळे त्या काही तासांत तिची पंपयंत्रणा आधीच ताणलेली असते. तेव्हापासून ढग भरून आले की आम्ही उघाडीच्या (तलावाचे पाणी सोडण्याच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून ठेवतो, म्हणजे वरचे गोडे पाणी आपोआप वाहून जाते, आणि एरेटर थांबू देत नाही.

क्षारतेचा आकडा एकटाच पाहू नये, हेही सांगितले पाहिजे. हरियाणात रोहतकच्या बाजूला जमिनीखाली खारे पाणी आहे. आकडा पाहिला तर कोळंबीला उत्तम, पण त्यात पोटॅशियम इतके कमी की नुसत्या त्या पाण्यात कोळंबी तगत नाही, कारण कल्ल्यांतले पंप पोटॅशियमशिवाय चालत नाहीत. तिथले शेतकरी पाण्यात पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) मिसळतात आणि मग त्याच पाण्यात व्हेनामीचे पीक निघते. पावसाळ्यात पाणी फार विरळ झाले तर आम्हीही पोटॅश आणि मॅग्नेशियम देतो.

गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीची गोष्ट उलटी आहे. ती नदीत वाढते, पण तिची पिल्ले निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांना सुमारे १२ पीपीटीचे निमखारे पाणी लागते, म्हणून अंडी घेतलेली मादी खाडीकडे उतरते आणि वाढलेली पिल्ले पुन्हा नदी चढतात. आपण तलाव करण्याच्या विचारात असाल तर हॅचरीला (कोळंबीचे बीज, म्हणजे पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राला) आपल्या पाण्याची क्षारता आधीच कळवावी, म्हणजे ते बीज तिथेच काही दिवसांत त्या आकड्यापर्यंत उतरवून देतात. बीजाच्या पिशव्या फोडून थेट तलावात ओतू नयेत.