मैत्रीण युरोपला येतेय. पैसे कर्जातून काढू की बचतीतून?

प्रश्न (पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात): मी मूळची सोलापूरची, वय २४. ऑक्टोबर २०२५ पासून जर्मनीत आखेनला एमएस करते आहे. शाळेपासूनची मैत्रीण पुण्यात आयटीत आहे. ती २२ मे ते २ जून अशी १२ दिवस येतेय, पहिल्यांदाच परदेशात. स्वित्झर्लंड, पॅरिस, ॲमस्टरडॅम करायचं ठरतंय. माझा वाटा १,८५० युरो येतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेली वर्षाची रक्कम) महिन्याला ९९२ युरो मिळतात, नोव्हेंबरपासून विद्यापीठात मिनिजॉब (छोटी अर्धवेळ नोकरी) आहे त्याचे ६००. खर्च ११५०. आजवर २,१०० युरो साठलेत. बाबा म्हणतात, "शैक्षणिक कर्जाचा साडेतीन लाखांचा शेवटचा टप्पा उरलाय, त्यातून काढ, परत परत कुठे जाणार आहेस!" मला बचत वापरावीशी वाटते. की नाहीच म्हणू?

उत्तर:

वय लिहिलं आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणतो. नाही म्हणू नकोस. मैत्रिणीला फिरव. पण १,८५० मध्ये नाही, ७०० मध्ये. आणि कर्जातून की बचतीतून, हा जो पेच तू घातला आहेस तो मुळात पेच नाही. तुझ्या बाबतीत दोन्हीचा भाव एकच पडतो. तेवढं आधी उलगडून सांगतो.

बाबा ज्याला "उरलाय" म्हणतात तो टप्पा उरलेला नाही. तो तुझ्या दुसऱ्या वर्षासाठी आहे. ब्लॉक्ड अकाउंट सप्टेंबरअखेर रिकामं होईल. त्यानंतरचे १२ महिने, तुझ्याच खर्चाने, १३,८०० युरो लागणार. मिनिजॉब टिकला तर त्यातून ७,२०० येतील. राहिले ६,६००. आता बचत बघ. एप्रिल ते सप्टेंबर महिन्याला साधारण ४४० शिल्लक पडली तर आजचे २,१०० धरून ४,७४० होतील. तरी १,८६० कमीच. हिशेबाला युरो १०५ रुपये धरला तर हे झाले १ लाख ९५ हजार. म्हणजे कुठेही न फिरता साडेतीन लाखांतले जवळपास दोन लाख तुला उचलावेच लागणार आहेत.

यात सहलीचे १,८५० मिळव. तूट ३,७१० युरोंवर जाते, म्हणजे ३ लाख ९० हजार. मंजूर किती? साडेतीन. बाबांच्या "उरलाय"मध्ये वरचे ४० हजार कुठून येणार, हे कोणी विचारलेलं नाही. ७०० ची सहल केलीस तर तूट २,५६० युरो, २ लाख ६९ हजार. हे मावतं, आणि हाताशी ८० हजारांची जागा राहते.

म्हणून म्हटलं की पेच खोटा आहे. बचतीतून खर्च केलास तर ऑक्टोबरनंतर तेवढंच कर्ज जास्त उचलशील. आज खर्च होणारा प्रत्येक युरो कर्जाच्याच व्याजदराने खर्च होतो, मग तो कुठल्याही खात्यातून जावो. तुझा दर १०.५ टक्के आहे. अभ्यासक्रमाचं उरलेलं वर्ष आणि नंतरचं एक वर्ष ईएमआय नाही, पण व्याज चढतंच. १,८५० युरोंचे १,९४,२५० रुपये. दोन वर्षांचं सरळ व्याज ४१ हजार. ते मुद्दलात मिळून २ लाख ३५ हजार. दहा वर्षांची परतफेड धरली तर महिना सुमारे ३,१७० रुपये, १२० महिने. एकूण ३ लाख ८० हजार. हौसेला मोल नाही म्हणतात खरं, पण बँकेत ती म्हण चालत नाही. शिवाय हे कर्ज सोलापूरच्या घरावर आहे, आणि शिक्षण व राहणी या कारणासाठी मंजूर झालेलं आहे. त्यातून सहलीसाठी पैसे मागणं म्हणजे बँकेला खोटं कारण देणं. ते मी कुणालाच सुचवणार नाही. (शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळेल, असं बाबा म्हणाले तर ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हे त्यांना आठवून दे.)

दुसरं, सप्टेंबरअखेर तुझा राहण्याचा परवाना संपतो. नूतनीकरणाला पुन्हा महिना ९९२ युरोंची सोय दाखवावी लागते. नोकरीचा करार त्यात किती धरतात हे तुझ्या परदेशी नागरिक कार्यालयाला आत्ताच ईमेल करून विचार आणि लेखी उत्तर जपून ठेव. ऑगस्टमध्ये विचारलंस तर धावपळ होईल. आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून दोन महिन्यांचे पैसे एकदम मिळतील का, असंही पत्रात पुढे विचारलं आहेस. नाही मिळत. ते खातं त्यासाठीच ब्लॉक्ड आहे.

मग ७०० कुठून? एप्रिल आणि मेची शिल्लक मिळून ८८० होते. त्यातून. आजचे २,१०० तसेच राहू देत. सहलीच्या आठवड्यात दात दुखला किंवा लॅपटॉप बसला तर बाबांना फोन करायला लागू नये.

आता सहल. तुझी यादी मी पाहिली: स्वित्झर्लंड ४ दिवस ७६०, पॅरिस ४३०, ॲमस्टरडॅम २८०, जवळपास फिरणं १५०, घरचा पाहुणचार २३०. माझ्या मते यातला सगळ्यात महाग दिवस आणि सगळ्यात स्वस्त दिवस यांच्यात मजेचा फरक फारसा नाही. पैशाचा मात्र चौपट आहे.

स्वित्झर्लंड तू सोड. मैत्रिणीने सोडायची गरज नाही. ती पगार मिळवते, वर्षभर साठवून येतेय, तिच्यासाठी ही मोठी सहल आहे. जुंगफ्राऊयोखचं ३,४५४ मीटरवरचं स्टेशन तिला बघायचंच असेल तर बघू दे. नुसतं तिथे वर जाऊन यायचे उन्हाळ्यात दोनशे फ्रँकहून जास्त पडतात. तिने ते स्वतःच्या पैशाने, एकटीने करावं. सकाळची गाडी, मुलींचं हॉस्टेल, फोनवर नकाशा. पुण्यातून एकटी विमानाने येणाऱ्या मुलीला हे जड नाही. तुला तिथे जायला अजून दीड वर्ष आहे, कधीतरी नोकरीच्या पहिल्या पगारात जाशील.

यासाठी तारखा बदल. २२ मे ते २ जून ऐवजी १९ ते ३० मे. कारणं दोन. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या आठवड्यात, २५ ते २९ मे, तुमच्याकडे तास नसतात असं तूच लिहिलंस. म्हणजे आधीच्या आठवड्यात तू वर्गात असताना ती स्वित्झर्लंड करून येईल, आणि तुझी सुट्टी सुरू झाली की दोघी मिळून फिराल. दुसरं कारण डॉइचलँडटिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास. तुझं विद्यापीठाच्या शुल्कात आहेच. तिला ६३ युरोंचं घ्यावं लागेल आणि ते कॅलेंडरच्या महिन्यावर चालतं. सहल मे-जून अशी दोन महिन्यांवर पसरली की दोन महिन्यांचे १२६ गेले. एका महिन्यात बसवली की ६३.

हे तिकीट लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम सगळ्यांवर चालतं. आयसीईसारख्या जलद गाड्यांवर नाही. त्यावर तुझ्या दारातून काय काय होतं बघ. कोलोन तासाभरावर. १२४८ मध्ये पाया घातलेलं आणि १८८० मध्ये पुरं झालेलं कॅथेड्रल, त्याच्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या. पुढे कोब्लेंझ, आणि तिथून ऱ्हाईनच्या काठाकाठाने जाणारी साधी गाडी. डोंगरावर किल्ले, खाली द्राक्षाचे मळे. तो पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे आणि खिडकीत बसून बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत. तुझ्या आखेनचं कॅथेड्रल १९७८ सालीच युनेस्कोच्या पहिल्या यादीत गेलं. तू अजून आत गेली नसशील अशी मला शंका आहे. शहराच्या बसने सीमेपलीकडच्या फाल्सला जा, तिथून चालत तीन देशांच्या सीमेवर. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम एका दगडाभोवती. मैत्रिणीला फोटो हवेच असतील, तिथे एका मिनिटात तीन देश होतात. ॲमस्टरडॅमच्या जागी एक दिवस मास्ट्रिख्ट (तिथवर हे तिकीट पोचत नाही, पुढचं वेगळं काढावं लागतं). ॲमस्टरडॅमसारखं कालव्यांचं जाळं नाही, पण नदी आहे, जुनं गाव आहे आणि रात्री स्वतःच्या खोलीवर परत येता येतं. मे अखेरीस ॲमस्टरडॅममध्ये दोन रात्री राहण्याचे जे लागतात ते वाचतात.

पॅरिस मात्र ठेव. दोन रात्री, ३३० युरोंत बसव. आणि जाताना राहण्याच्या परवान्याचं कार्ड बरोबर घे. युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्हर फुकट आहे. नागरिकत्व नव्हे, वास्तव्य बघतात. बाहेरून येणाऱ्यांना जानेवारी २०२६ पासून ३२ युरो. म्हणजे एकाच दारातून तू फुकट जाशील आणि ती ३२ देऊन. तिकिटांचा हिशेब निम्मा-निम्मा ठरवला असेल तर इथे भांडण होईल, म्हणून आधीच सांगितलं. जिचं तिकीट तिने काढावं.

उरले कोलोन, ऱ्हाईन, मास्ट्रिख्टच्या खाण्यापिण्याचे दीडशे, घरच्या पाहुणचाराचे १२० आणि हाताशी शंभर. झाले ७००.

पाहुणचाराचे २३० मी १२० वर आणले, त्याने तुला वाईट वाटेल. आपल्याकडे पाहुण्याला खिशात हात घालू देत नाहीत, मला माहीत आहे. पण इथे यजमान विद्यार्थिनी आहे आणि पाहुणी कमावती. तिला सांग, कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर आण. पेढे, तूप आणू नको, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. प्रवासाच्या दिवशी भाकरी-चटणीचा डबा नेलात तर दोघींचं रोज पंचवीस-तीस युरोंचं जेवण वाचतं.

आता पत्रातल्या ज्या वाक्याने मला खरी काळजी वाटली ते: "इकडे मी युरो खर्च करीन, ती तिकडे बाबांच्या खात्यात रुपये टाकेल." हे करू नका. एकीने परदेशात युरो द्यायचे आणि दुसरीने भारतात त्याचे रुपये भरायचे, हा आपापसातला हिशेब परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या दृष्टीने अडचणीचा आहे. रक्कम लहान असली तरी कशाला? ती बँकेचं फॉरेक्स कार्ड युरोंत भरून आणेल आणि तिथल्या तिथे तिचं ती देईल. साधं क्रेडिट कार्ड वापरलं तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानातल्या मशीनने "रुपये की युरो" विचारलं तर युरो. रुपये दाबलं की दुकानाकडचा भाव लागतो, तो कधीच तुमच्या बाजूचा नसतो.

तिचा व्हिसा एजंट "स्पॉन्सर लेटर" मागतोय म्हणालीस. ती तुझ्याकडे राहायला येतेय एवढं सांगणारं साधं निमंत्रणपत्र दे, पत्ता आणि परवान्याची प्रत जोडून. पण जर्मन कार्यालयात जाऊन हमीपत्रावर सही करू नकोस. ते कायद्याने बंधनकारक असतं. तिचा राहण्याचा, दवाखान्याचा खर्च उद्या सरकारवर पडला तर वसुली तुझ्याकडून होते. तिच्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत, बँक स्टेटमेंट आहे, तिला हमीची गरजच नाही. व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, हे तिचे खर्च. सगळ्यात जास्त रात्री जर्मनीत असल्याने अर्जही जर्मनीकडेच. आणि वसतिगृहात पाहुणा किती रात्री चालतो ते आधी वाच.

एक आनंदाची बातमी. मिनिजॉब असला तरी जर्मनीत पगारी रजा मिळते. सहा महिने पुरे झाले की रजेचा पूर्ण हक्क लागू होतो. तुझे सहा महिने एप्रिलअखेर भरतात. सहलीचा आठवडा बिनपगारी धरून तू १३९ युरो वजा केले आहेस, ते परत मिळव. विभागाच्या सचिवांना रजेचा अर्ज लवकर दे, त्या आठवड्यात सगळ्यांनाच रजा हवी असते.

मैत्रिणीला हे सगळं तिकीट काढण्याआधी सांग, आल्यावर नाही. फार गोड लावून सांगू नकोस. "माझं बजेट ७०० आहे, स्वित्झर्लंड तू करून ये, बाकी सगळं बरोबर" एवढं पुरे. शाळेपासूनची आहे, तिला कळेल. नाही कळलं तरी तुझा आकडा बदलत नाही.

तिचं डॉइचलँडटिकीट एप्रिलअखेर मे महिन्यासाठी घ्या आणि १० मेच्या आत रद्द करून ठेवा. ते वर्गणीसारखं असतं, १० तारीख चुकली की जूनचेही ६३ कापले जातील, आणि तोवर ती पुण्यात कामाला लागलेली असेल.