मोफत जीडीए कोर्सला मुलीचं नाव घालण्याआधी

तुमचं पत्र चांगलं पानभर आहे. त्यात मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय: 'तिला जीएनएम करायचंय, पण तीन वर्षं कोण थांबणार?' जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. बाकी सगळं कौशल्य विकास योजनेतल्या मोफत जीडीए, म्हणजे रुग्णसेवेतल्या मदतनिसाच्या, कोर्सबद्दल. काही महिन्यांत संपतो, प्रशिक्षण केंद्रवाले 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात, मग हरकत काय, असं तुम्ही विचारता.

माझी हरकत तुमच्या घाईला आहे. बारावी सायन्सला ५४ टक्के पडले म्हणून हिच्याच्याने फार काही होणार नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. पुढे लिहिता, दोन वर्षांत लग्नाचं बघायचंय. स्पष्ट लिहिते, राग मानू नका: हा कोर्स तुम्ही लग्नाच्या तारखेत बसतो म्हणून निवडलाय. मुलगी तीन वर्षं राबायला आपणहून तयार आहे आणि वडीलच तिला मागे ओढताहेत, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि जीडीए म्हणजे 'छोटं नर्सिंग' हा गैरसमज आधी काढून टाका. जनरल ड्युटी असिस्टंट रुग्णाला स्पंज करतो, कूस बदलून देतो, बेडपॅन देतो, भरवतो, व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेतो. हे काम मोलाचं आहे, त्यावाचून वॉर्ड चालत नाही. पण या प्रमाणपत्रावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, त्यामुळे सरकारी स्टाफ नर्सच्या जागेला अर्जही करता येत नाही. उद्या जीएनएम करायचं ठरवलं तर सुरुवात पहिल्या वर्षापासूनच. आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल', म्हणजे तंत्रज्ञासारखा मान्यताप्राप्त आरोग्य कर्मचारी, ठरायलाही किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. काही महिन्यांचा कोर्स तिथवर पोचत नाही. योजना सरकारी म्हणून नोकरीही सरकारी, असं तर मुळीच नाही.

प्लेसमेंटचं म्हणाल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे २०१५-१६ ते २०२१-२२ मध्ये, तिची नोंद ठेवली जायची. चौथ्या टप्प्यात ती ठेवली जात नाही. म्हणून फलकावरचा आकडा तुम्हालाच तपासावा लागेल. किती जणांना प्रमाणपत्र मिळालं हे विचारू नका, ते कुणीही सांगेल. वर्षापूर्वीच्या बॅचमधल्या तिघी-चौघींचे नंबर मागा आणि मुलीलाच बोलू द्या. आज कामावर आहेस का? हातात किती पडतात? पगार हॉस्पिटल देतं की कंत्राटदार? रात्रपाळी किती? शिकताना वॉर्डात खरोखर किती दिवस होतीस, की पुतळ्यावरच बीपी घ्यायला शिकलीस? केंद्राने नंबर द्यायला टाळाटाळ केली, तर काय ते समजून घ्या.

घरात तातडीने कमाईची गरज असती तर जीडीए करू द्या, असंच मी म्हटलं असतं. तशी गरज तुम्ही कुठे लिहिलेली नाही.

जीएनएमला बारावी इंग्रजीसह ४० टक्के लागतात, शाखा कोणतीही चालते. बीएस्सी नर्सिंगला सीईटी आहे. फीची काळजी असेल तर आधी सरकारी संस्थांकडे अर्ज करा, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती बघा. आणि जीडीएच्या केंद्राने मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली, तर देऊ नका. जीएनएमच्या प्रवेशाला तीच लागणार आहे.