‘उठत नाही’ आणि ‘उठवत नाही’

तुमचा प्रश्न असा आहे : घरातल्या एकाला डॉक्टरांनी ‘डिप्रेशन’ सांगितलं आहे. मराठीत त्याला नैराश्य म्हणायचं, औदासीन्य, की विषण्णता? आणि चिंता, ताण हे त्यातच धरायचे की वेगळे? शिवाय ‘औदासीन्य’ लिहायचं कसं?

आधी नामांचं बघू. ‘नैराश्य’ सगळ्यात रुळलेलं आहे, पण अर्थाने ते जरा बाजूला पडतं. माणूस निराश होतो तो कशाबद्दल तरी : निकालाबद्दल, नोकरीबद्दल, कुणाच्या वागण्याबद्दल. या आजारात मात्र कसलाही अपेक्षाभंग झालेला नसताना माणूस कोमेजू शकतो, आणि मग ‘तुला निराश व्हायला झालंय तरी काय?’ हा प्रश्न त्याच्या वाट्याला येतो. ‘औदासीन्य’ लक्षणाच्या जास्त जवळ जातं, कारण आवडत्या गोष्टींतलंही मन उडणं हे या आजाराच्या दोन मुख्य खुणांपैकी एक. दुसरी खूण म्हणजे सतत खिन्न वाटणं. पण या शब्दालाही जुना इतिहास आहे. उद् + आसीन म्हणजे अलिप्त, तटस्थ बसलेला. तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या ओळीतलं ‘उदास’ हा गुण आहे, दुखणं नव्हे.

‘विषण्णता’ मला सगळ्यांत नेमकी वाटते. तिच्यातला ‘सद्’ हा धातू खचणं, गळून जाणं सांगतो. हिंदीतला ‘अवसाद’ही त्याच धातूचा. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि त्यात अर्जुन म्हणतो ‘सीदन्ति मम गात्राणि’, गात्रं गळून चालली आहेत. तिथेही तोच धातू. त्यापुढे तो तोंडाला कोरड पडणं, अंगाला कंप सुटणं, हातातून धनुष्य निसटणं सांगतो. आज हीच यादी आपण चिंतेच्या खाली लिहू. विषण्णता आणि चिंता एकाच माणसात बरेचदा सोबत असतात, त्यामुळे जुन्या शब्दात दोन्ही मावली याचं नवल नाही.

एवढं असलं तरी ‘नैराश्य’ हटवण्याच्या भानगडीत पडू नये. वर्तमानपत्रांनी आणि डॉक्टरांनी ते स्वीकारलं आहे. फक्त ‘त्याला नैराश्य आलंय’ ऐवजी ‘नैराश्याचा आजार आहे’ म्हणावं. ‘आलंय’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ते उद्या जाईल असं वाटतं. घरात ‘डिप्रेशन’ म्हटलं तरी काही बिघडत नाही.

पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर नामांत नाही, क्रियापदांत आहे. घरच्या माणसाच्या तोंडची क्रियापदं ऐका.

ताण ‘येतो’, ‘पडतो’ आणि ‘हलका होतो’. म्हणजे त्याला बाहेरून येण्याची वाट आहे : परीक्षा, कर्ज, आजारपण, डोक्यावर बसलेली मुदत. वैद्यकीय संशोधक हान्स सेल्ये यांनी 1936 साली शरीराच्या या सर्वसाधारण प्रतिक्रियेवर निबंध लिहिला आणि पुढे पदार्थविज्ञानातला ताण वैद्यकात रुजला. कारण सरलं की ताण उतरायला हवा. उतरत नसेल, तर त्याला ताण म्हणणं थांबवून पुढचा विचार करावा.

चिंता ‘लागते’, घोर ‘लागतो’, धसका ‘बसतो’. शरीराकडून येणारी मराठी क्रियापदं तर फारच बोलकी आहेत : धडधडतं, गुदमरतं, कसंतरी होतं. या वाक्यांत ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. मी धडधडवत नाही, मला धडधडतं. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, सांगायला याहून चांगली रचना नाही. तो काही मिनिटांत टोकाला जातो आणि ओसरतो. त्या वेळी श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला तर मदत होते. मात्र छातीतलं असं दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर ते मनाचंच आहे असं घरच्या घरी ठरवू नये, हृदय आधी तपासून घ्यावं. एका गोष्टीची काळजी मिटताच दुसरी सापडते, असं 6 महिने आणि बहुतेक दिवस चालू असेल, त्यासोबत झोप, एकाग्रता बिघडली असेल, तर तो चिंतेचा विकार असू शकतो. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य इथे निरुपयोगी ठरतं, कारण त्यातलं ‘घेणं’ माणसाच्या हातात आहे असं धरलेलं आहे.

आता शीर्षकातली जोडी. ‘तो उठत नाही’ यात कर्त्याची इच्छा नसल्याचा वास येतो. ‘त्याला उठवत नाही’ यात शक्ती नसल्याचं सांगितलं आहे. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात : चालवत नाही, जेववत नाही, बोलवत नाही. (‘आई त्याला उठवत नाही’ हे प्रयोजक, रूप सारखंच, पण तिथे उठवणारी वेगळी आहे.) विषण्णतेच्या आजारात माणूस नेमका या ‘व’पाशी अडकलेला असतो. दात घासायचा ब्रश हातात घेऊन तसाच उभा आहे, फोन वाजतोय तो दिसतोय, पण उचलवत नाही. घरचे सांगतात ‘तो फोन उचलत नाही’. एका अक्षराने आजाराचा आळस होतो, आणि मग उपचारांऐवजी बोलणी बसतात. मला हे मनापासून खटकतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नाम शोधत बसू नका, ही वाक्यं लिहून न्या. काय करवत नाही, कधीपासून, दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त, झोप पहाटे मोडते का, भूक कशी आहे, स्वतःला दोष देणं वाढलंय का. 2 आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ हे चालू असेल तर दाखवायलाच हवं. थायरॉइड कमी असणं किंवा बी-12ची कमतरता हीसुद्धा अशीच दिसू शकते, त्यामुळे रक्ततपासणी सांगितली तर टाळू नका.

‘जगवत नाही’ हे शक्य क्रियापद कानावर आलं तर मात्र वाट पाहायची नाही. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात रुजत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी उपचार मिळवावेत.

औषधांचा गुण दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत मळमळ वगैरे त्रास आधी जाणवतो, आणि बरं वाटू लागलं तरी मनाने गोळ्या बंद करायच्या नसतात. बोलून करायच्या उपचारांत ‘वाटलं की करीन’ हा क्रम उलटवतात : आधी अगदी लहान कृती, वाटणं मागाहून. घरच्यांनी ‘जरा फिरून ये’ म्हणण्यापेक्षा ‘दारापर्यंत जाववेल का? मी येते सोबत’ म्हणावं. क्रियापद बदललं की मागणीही आपोआप झेपेल एवढी होते.

शेवटी शुद्धलेखन, कारण तेही विचारलं होतं : ‘औदासीन्य’मधला ‘सी’ दीर्घ. ‘उदासीन’पासून आलेला आहे, म्हणून. ‘औदासिन्य’ चूक.